चैत्र काढलेल्या वेलीचं पान

गाडी कुंपणाच्या दाराशी उभी होती आणि आई अजून वाडीतच होती. सामान मी दोनदा मोजलं होतं: एक ट्रंक, दोन वळकट्या, भांड्यांचं पोतं आणि पाटा-वरवंटा. संध्याकाळपर्यंत मनोर गाठायचं होतं, तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घाट चढून जव्हार. धाकटा भाऊ बैलांच्या पाठीवर उगाच हात फिरवत होता. माझ्याकडे बघायचं टाळण्याची ती त्याची रीत.

शेवटी आई आली. हातात केळीच्या खोडाच्या ओल्या सोपटात गुंडाळलेली एक जुडी होती. त्यात आमच्या पानमळ्यातल्या वेलीच्या सात कांड्या होत्या. जुडी गाडीत बसलेल्या माझ्या बायकोच्या, हिच्या, मांडीवर ठेवून आई मला म्हणाली, "दत्तू, वेल लागली की पहिलं पान मला धाड. पण पावसातलं नको हो. पावसात वेल काय, दगडावरसुद्धा चढते. चैत्र-वैशाख काढलेल्या वेलीचं पान धाड. ते खाल्लं की मी समजेन, तुझं घर झालं. तोवर तुझ्या दोन ओळी मी राखते."

त्या दोन ओळी म्हणजे पानमळ्यातला विहिरीजवळचा माझा वाटा. केळवे-माहीमच्या आमच्या त्या वाडीत दोन संसार मावत नव्हते. विहिरीचं पाणी दर उन्हाळ्यात थोडं अधिक खारं लागत होतं. मी शाळा शिकलेला, म्हणून जायचं मी. जव्हार संस्थानच्या मोजणी खात्यात कारकुनाची जागा मिळाली आणि मी जमीन मोजायची साखळी उचलली. हे पत्र वाचणाऱ्या गावकऱ्यांनो, तुमच्यापैकी जे मुंबईला गिरणीत गेले, जे नाशकाला दुकानात बसले, त्यांना हे निराळं सांगायला नको. जाणाऱ्याला वाटतं आपण भार हलका केला. राहणाऱ्याला काय वाटतं ते मला अजून नीट माहीत नाही.

या चैत्रात इथे जव्हारला आमच्या आळीतल्या परसबागा कशा आहेत, ते धाकट्याने विचारलं आहे. सांगतो. शेजारच्या मास्तरांच्या मोगऱ्याला कळे धरले आहेत, पण कळे उमलायच्या आधीच पिवळे पडतात. समोरच्यांची मिरची वाळली. आमच्या न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि दोन केळी तग धरून आहेत. दुधीचा वेल मांडवावर चढला आहे, त्याला चार दुधी आहेत, पैकी एक किडका. तुळस आहे. आंब्याला तुमच्याकडे कैऱ्या मोठ्या झाल्या असतील, इथे अजून सुपारीएवढ्या आहेत. घरापासून झरा तीनशे चाळीस पावलांवर. उतरताना तीनशे चाळीस, चढताना चारशे दहा, कारण चढताना पाऊल आखूड पडतं. हा फरक मी तरुणपणी गमतीने मोजला होता. आता गंमत वाटत नाही.

इथे आल्यावर पहिल्या वर्षी सातांपैकी चार कांड्या फुटल्या. वडील म्हणायचे, पानवेल ही पाहुणी आहे, तिला रोज विचारावं लागतं. मी रोज विचारत होतो. वेलीला आधार हवा, सावली हवी. त्यासाठी रोवायला शेवग्याची फांदी दिली सोनीने. सोनी ही जवळच्या पाड्यावरची बाई. आमच्याकडे सरपण आणायची आणि बोलायला बसायची. इथली माणसं सगळ्यांना अरे-तुरे करतात. कारकून असो नाहीतर त्याचा साहेब. पहिल्यांदा मला राग आला होता. मग वाटलं, माझ्या आईशिवाय मला असं कोण हाक मारतं?

फाल्गुनात वेलीवर एकतीस पानं होती. चैत्रात झऱ्याचं पाणी खाली गेलं. एक घागर भरायला वाटी-वाटीने पाणी गोळा करावं लागे. दिवसाला अकरा घागरी यायच्या त्या सहावर आल्या. मी त्यांतल्या दोन वेलीला ठरवून दिल्या. ही एक दिवस घागर खाली ठेवून म्हणाली, "एकदा सांगून टाका. मी डाळ शिजवू की तुमच्या आईचं पान?"  वैशाख लागायच्या आत एकतीसची नऊ पानं झाली, मग एकही उरलं नाही. खणून पाहिलं तर दोन हातांखाली नुसता कातळ. आमच्या वाडीत काठी खुपसली तर गडप व्हायची. माहीमचा माणूस जमीन खणून बघत नाही. जमीन ही खोलच असते, असं तो धरून चालतो. गावोगाव साखळी टाकून मी लांबी-रुंदी मोजत होतो, पण स्वतःच्या परसाची खोली मोजायचं सुचलं नाही.

दुसऱ्या वर्षी खड्ड्यात बाहेरून माती आणून टाकली आणि नव्या कांड्या लावल्या. तरी तेच झालं. तिसऱ्या वर्षी दुपारच्या उन्हात गोणपाट बांधलं, सोनीला पाण्याच्या दोन जादा खेपा सांगितल्या. मी वाटीने मोजून मुळाशी पाणी सोडत होतो. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"भाऊ, तू पानी घालतंस का मोजतंस?"

"जास्त झालं तर मूळ कुजतं."

"आन ह्यो शेवगा? त्याला कापतंस, वेलीला पाजतंस. तुझ्या घरी उपाशी कोन आन जेवतंय कोन, काय कळत नाय."

शेवग्याला मी दर वर्षी छाटत होतो हे खरं. वडिलांचा तो नेम होता: आधाराच्या झाडाला फळू द्यायचं नाही, फळलं की ते स्वतःचं बघतं, वेलीचं नाही. मी ते सोनीला समजावून सांगितलं. ती हसून म्हणाली, "मंग त्याला झाड कशाला म्हनतंस, खुटा म्हन."

त्या वर्षी वेलीने चैत्र काढला. मी हरखून गेलो होतो. वैशाखातले अठरा दिवसही तिने काढले. मग दोन दिवसांत माना टाकल्या. इकडे गाडीवान रामा आठ दिवसांनी लाकूड घेऊन खाली जाणार होता. त्याच्या हाती आईला निरोप जायचा. आधीच्या दोन वर्षी निरोपात फक्त खुशाली गेली होती. तिची दृष्टी कमी होत चालली आहे, असं धाकट्याने लिहिलं होतं.

मी बाजारात गेलो. पाच पानं घेतली, चांगली कोवळी निवडून. घरी धुतली, आमच्याच केळीच्या पानात बांधली. ही दारात उभी होती. म्हणाली, "आईंना फसवणार?" मी म्हणालो, "पान ते पान." हिशेबात आकडा बसत नसेल तर तो बसवून घेणाऱ्यांना मी कचेरीत पुष्कळदा बोललो आहे. त्या दिवशी मीही तेच केलं.

रामा परत आला तो बैल सोडायच्या आधी हसायलाच लागला. ओसरीवर बसून त्याने आईची नक्कलच केली.

"आदी वास घेतला. मंग देठावरून बोट फिरवलं. मंग मला म्हनते कशी, 'रामा, घरच्या वेलीला चार पानं असली तर मानूस ती हातानं तोडतो, जपून. ह्या देठाला लोखंडी नख लागलंय. तिरका काप बघ. ह्ये मळ्यातलं, इक्रीचं पान. गेल्या आठवड्यात आमच्याच गावाहून करंडीतून वर गेलं असंल. घाट चढलं, घाट उतरलं. दमलं रे बिचारं.'"

मान खाली घालून मी ऐकत होतो. आमच्या मळ्यात पानं खुडणारे अंगठ्याला लोखंडी नख घालतात हे मी जन्मापासून पाहिलेलं. मी स्वतः घातलेलं. पानाचा रंग पाहिला, कोवळेपणा पाहिला, पण देठाकडे माझं लक्ष गेलं नाही.

"रागावली का?" मी विचारलं.

"नाय. कुटून खाल्लं. 'आपल्याच गावचं, टाकू कशाला,' म्हनाली." रामाने तंबाखू मळायला घेतली. "आनि म्हनाली, 'त्याला सांग, दोन ओळी राखल्यात मी. आनि सांग, तिथं जे लागतं ते धाड म्हनावं. नाय लागत ते कशाला?'"

हिने आतून ऐकलं होतं. 

त्या पावसाळ्यात मी नवीन कांड्या लावल्या नाहीत. शेवगाही छाटला नाही. छाटायचं कुणासाठी? युरोपातली लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, मोजणीसाठी महिना-महिना मोखाड्याकडे फिरणं होतं. परसाकडे बघायला फुरसत नव्हती. माघात पोशेऱ्याच्या मोजणीहून परतलो तेव्हा झाड पांढरं दिसलं. मला वाटलं कीड पडली. जवळ जाऊन पाहिलं तर फुलं होती. एक घागरही पाणी न घातलेल्या त्या झाडाला चैत्रात त्रेसष्ट शेंगा आल्या. सोनीने दहा नेल्या आणि जाताना झाडाच्या बुंध्याला थोपटून म्हणाली, "आता कसा खुट्याचा झाड झाला!"

एकवीस शेंगा मी जुडी बांधून रामाकडे दिल्या. सोबत पत्र लिहिलं, धाकट्याने वाचून दाखवावं म्हणून. त्यात लिहिलं: आई, मागच्या वर्षीचं पान बाजारचं होतं. वेल इथे लागली नाही, तीन वर्षं केलं, लागणारही नाही. तिच्या आधाराला लावलेला शेवगा मात्र लागला. हा चैत्र त्याने आपला आपण काढला आहे. शेंगा हाताने तोडल्या आहेत.

परतीचा निरोप रामाने या वेळी नक्कल न करता दिला.

"आमटीत घातल्या. चोखून खाल्ल्या एक एक. दात नायत, तिला बऱ्या पडल्या. मंग धाकल्याला जवळ बोलावला आनि म्हनाली, 'दत्तूचं घर झालं. उद्यापास्नं त्या दोन ओळी तुझ्या.'"

मला वाटलं होतं, हे ऐकून मला हलकं वाटेल. तीन उन्हाळे मी त्यासाठीच घागरी मोजल्या होत्या. रामा बैलांना पाणी दाखवायला गेला आणि मी ओसरीवर बसून राहिलो. खोटं पान पाठवलं तेव्हा ओळी माझ्या राहिल्या होत्या. खरं लिहिलं आणि त्या गेल्या. न्याय अगदी बरोबर होता. मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिला, त्यात चूक सापडली नाही.

आई त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात गेली. घाट चढून ती कधी आली नाही. मला खबर मिळाली तेव्हा दहावा उरकला होता.

आता शेवगा म्हातारा झाला आहे. मधून पोकळ आहे. या वर्षी अठ्ठावीस शेंगा. झऱ्यावरून चढून येताना मी एका खेपेला एकदा बसतो, कधी दोनदा. कुणी गाव विचारलं तर तोंडातून जव्हार निघतं. पूर्वी त्याआधी क्षणभर थांबायला व्हायचं, आता होत नाही. आपल्यातले जे बाहेर पडले, त्यांना मी एवढंच लिहीन की जमीन आधी खणून बघा. आणि तिथे जे आपोआप वाढतं आहे त्याला छाटू नका.

धाकट्या, परवा रामाची गाडी आली. तुझी जुडी मिळाली. पंचवीस पानं होती, ओल्या सोपटात, आई बांधायची तशीच बांधलेली. हिने ती ताटात पसरली आणि एक पान उचलून माझ्यापुढे धरलं. देठ वेडावाकडा तुटलेला, त्याला सालीचा बारीक धागा लोंबत होता. दुसरं उचललं, तेही तसंच. मी सगळी उलटून पाहिली. पंचविसांतल्या एकाही देठाला नख लागलेलं नव्हतं; घरच्या वेलीची तोडावीत तशी सगळी हाताने तोडलेली.

कोणत्या दोन ओळींतली आहेत ते तू लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही. एकोणीस शेंगा रामाबरोबर पाठवल्या आहेत.