न आलेल्या बोटीचा पाहुणा

दोहात तेव्हा माझ्या खोलीला लागून, पत्र्याच्या भिंतीपलीकडे, रत्नागिरीकडचा एक फिटर राहायचा. बोलण्याआधी तो स्वच्छ हातसुद्धा फडक्याला पुसायचा आणि दोन वाक्यं झाली की "खलास" म्हणून दार लावून घ्यायचा. सुट्टीवर निघणाऱ्याजवळ सगळे घरासाठी पुडकी द्यायचे. यानं कधी कुणाजवळ काही दिलं नाही. मला तो माणूसघाणाच वाटे.

मी सुट्टीवर गावी निघायच्या दिवशी उत्तरेकडचा शमाल वारा सुटला आणि मुंबईची बोट आलीच नाही. ट्रंक घेऊन धक्क्यावरून परतलो, तर माझ्या खाटेवर नवा माणूस घोरत होता. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं.

"निरोप घेऊन निघालेल्यानं त्याच घरात परत शिरू नये, भाऊ. आज तुम्ही माझे पाहुणे."

त्यानं पाय धुवायला पाणी दिलं, गुळाचा खडा पुढं केला. मग उकड्या तांदळाचा भात आणि कोकमाची सोलं घातलेलं मच्छीचं कालवण वाढलं. फडक्याला हात पुसत त्यानं विचारलं, "प्रवास कसा झाला?"

मला हसू आलं. तो हसत नव्हता.

"बरा झाला," मी म्हणालो.

"आमच्या गावच्या खाडीवरची होडी चालते का अजून?"

मी साताऱ्याचा. ती खाडी मी जन्मात पाहिली नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं.

"चालते की. भरतीची वाट बघावी लागते, एवढंच."

त्यानं मान डोलावली आणि मला आणखी भात वाढला.

"सांगा," तो म्हणाला, "आणि काय काय पाहिलंत?"