रुपरावचं नाक

वाडीत अमरावती रोडवर गोडाऊनांची रांग जिथं संपते, तिथं एका पत्र्याच्या शेडमध्ये रुपराव काळबांडे ट्रकांच्या ताडपत्र्या दुरुस्त करतो. मी समोरच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून होतो. आता निवृत्त आहे आणि मागच्याच गल्लीत राहतो. या माणसाला मी रोज पाहत आलो आहे. त्याच्याबद्दल लिहायला मी योग्य आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही, आणि ज्यांच्या घरात वाढतं मूल आहे त्यांनी हे वाचावं असं फार वाटतं.

ताडपत्री फाटली की तिला ठिगळ लावतात. फाटलेली जागा घासून साफ करायची, तिच्यावर आणि ठिगळावर चिंधीनं सोल्युशन फासायचं, ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग ठिगळ बसवून लाकडी हातोडीनं ठोकायचं. घाई केली तर पावसात ठिगळ उचलतं. रुपरावचं ठिगळ कधी उचललं नाही. सायकलचं पंक्चर काढताना वापरतात तसंच हे सोल्युशन, फक्त इथं ते मोठ्या डब्यांत येतं. त्याचा वास गोडसर आणि डोक्यात जाणारा. नवा माणूस शेडमध्ये शिरला की नाकाला रुमाल लावायचा आणि रुपराव हसायचा. "माह्यं नाक त कवाच मेलं," म्हणायचा.

ते खरंच मेलं होतं. शेडच्या मागं दोन खोल्यांत त्याचा संसार. दूध करपून धूर होईपर्यंत त्याला पत्ता लागायचा नाही. त्याची बायको गोपिका आल्यागेल्याला सांगायची, "यायच्या नाकाखाली मेलेला उंदीर ठेवा, हे म्हणतीन, वाढ वं जेवाले."

"तुह्या हातच्या भाजीले असंच नाक लागते," रुपराव म्हणायचा, आणि ती पदर तोंडाला लावून हसायची.

तिचंही नाक तसं सरावलेलंच होतं. कपडे, गोधड्या, पोरांची दप्तरं, सगळ्यालाच तो वास. मोठी मुलगी काजल कॉलेजला जायची. तिच्या मैत्रिणी तिला चिडवायच्या. धाकटा सौरव दहावीत होता. त्याला शेड अजिबात आवडायचं नाही. बापानं हातोडी दिली की तो म्हणायचा, "मी हे नाही करत बाबा, मी मोबाइलचं दुकान टाकीन." टापटीप पोरगा. शाळेत जाताना केसांना पाणी लावून दहा वेळा भांग पाडायचा.

तोच सौरव त्या पावसाळ्यात शाळा सुटली की आपणहून शेडमध्ये येऊन बसू लागला. "बाबा, तुम्ही जा चहा प्यायले. मी आहो न."

रुपराव टपरीवर येऊन छाती फुगवून सांगायचा, "पोरगं धंद्यात उतरून राहिलं, मधुकरराव." मी त्याचं अभिनंदन केलं. सगळ्यांनीच केलं.

त्याच सुमारास सौरवच्या ओठांभोवती पुरळ उठलं. गोपिकानं खोबरेल तेल लावलं. ताटातली पोळी तशीच राहू लागली, तेव्हा तिला वाटलं पोरगं टपरीवर समोसे खाऊन येतं. डोळे लाल दिसले की अभ्यासाचं जागरण. शर्टाच्या बाहीवर वाळलेले डाग दिसले की काम करतं बिचारं. बोलताना कधी कधी त्याची जीभ जड व्हायची, कधी साध्या गोष्टीवरून तो काजलच्या अंगावर धावून जायचा. वय आहे, असं म्हणून ते सोडून दिलं जायचं. जुने मित्र यायचे बंद झाले. नवे जे होते ते घरात येत नसत, रस्त्यावरूनच शीळ घालत. प्रत्येक गोष्टीला त्या घरात एक उत्तर तयार होतं, आणि ते उत्तर खोटं वाटावं असंही काही नव्हतं.

एकदा सौरवच्या वर्गशिक्षिका चारुशीला मॅडम स्वतः शेडवर आल्या. दुपारची वेळ होती. मीही तिथं बाकावर बसलो होतो. मॅडमनी रुमाल काढला नाही, हे मला आठवतं. वास सहन करत त्या उभ्या राहिल्या.

"सौरवच्या दप्तराला वास येतो," त्या हळूच म्हणाल्या. "त्यात चिंध्या सापडल्या. तुम्ही जरा लक्ष द्याल का? आमच्या शाळेत दोन-तीन मुलं या नादाला..."

रुपरावनं हातोडी खाली ठेवली. "कोणत्या नादाले?"

"हे सोल्युशन नशेसाठी हुंगण्याच्या."

"मॅडम, आमच्या घरी धंदाच तो आहे. आमच्या अंगाले हाच वास येते. माह्या बापाच्या अंगाले बी येत होता. तुमच्या पोराच्या दप्तराले अत्तराचा वास येत असन, आमच्या पोराच्या दप्तराले कुठून येईन?"

"मी तसं म्हटलं नाही, रुपरावजी."

"तसंच म्हटलं तुम्ही. गरिबाचं पोरगं म्हणून म्हटलं."

मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी माफी मागितली आणि निघून गेल्या. पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही. रुपरावनं मात्र तो कितीतरी वेळा काढला. टपरीवर तो मॅडमचा आवाज काढून दाखवायचा, मग आपलं उत्तर सांगायचा, आणि ड्रायव्हर लोक मांडीवर थाप मारून हसायचे. "अत्तराचा वास! वा रे रुपरावभाऊ!"

काजलनंही एकदा सांगायचा प्रयत्न केला. "बाबा, सौरव मागं ताडपत्र्यायच्या ढिगाआड काहून बसते? कामच करत नाही तो." तिला उत्तर मिळालं, "तुले काय समजते धंद्यातलं?"

दसऱ्याला आमच्याकडे सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात. ट्रकवाले ट्रकची करतात, रुपराव हातोडीची, कात्रीची, सुयांची. त्या वर्षी त्यानं पूजा सौरवच्या हातानं करवली. पोरानं हातोडीला कुंकू लावलं, कात्रीला लावलं, मग सोल्युशनच्या डब्यांना लावलं आणि झेंडूच्या माळा घातल्या. गोपिकानं दोघांना ओवाळलं. आणि मग रुपरावनं कमरेची किल्ली काढून सगळ्यांसमोर पोराच्या हातात दिली. "आजपासून शेड तुह्यं." सौरव खाली पाहत होता. आम्हाला वाटलं, लाजतो आहे.

संक्रांत होऊन गेली होती. रुपराव कापड आणायला गांधीबागेत गेला होता. गोपिका दुपारी डबा घेऊन शेडकडे आली, तर शटर अर्धं खाली. सौरव शाळेत असायला हवा होता. ती वाकून आत गेली आणि तिचा आवाज ऐकून आम्ही रस्त्यापलीकडून धावलो. ताडपत्र्यांच्या ढिगामागं पोरगं आडवं पडलं होतं. एक ताडपत्री त्यानं डोक्यावरून ओढून घेतली होती. मुठीत चिंधी होती. ओठ निळे पडले होते. एका माल वाहणाऱ्या ऑटोत घालून आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. रुपराव गांधीबागेतून परस्पर तिथं आला, खांद्यावर कापडाचा गठ्ठा तसाच होता. तो खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही.

तपासणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या. रागावलेल्या नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं म्हणून त्यांनी विचारलं, "हे बऱ्याच महिन्यांपासून चाललं असणार. घरात कुणालाच वास आला नाही?"

रुपराव त्यांच्याकडे पाहत राहिला. गठ्ठा खांद्यावरच.

सौरव वाचला. पण त्याचे हात थरथरतात. चालताना तो भिंत धरतो. शब्द आठवेनासा झाला की रडतो. डॉक्टर म्हणाल्या, काही सुधारेल, सगळं सुधारेल असं सांगता येत नाही. आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली ती रुपरावच्या मनात काट्यासारखी राहिली: सुरुवातीला आणलं असतं, तर हे सुटलं असतं; अशी कितीतरी पोरं सुटतात, पुन्हा शाळेत जातात.

नातेवाइकांना काही दिवस कावीळ झाल्याचं सांगितलं. मग ते कळलंच. कुणी म्हणालं बांधून ठेवा, कुणी म्हणालं चांगला झोडायचा होता. रुपरावच्या सख्ख्या भावानं तोंडावर सांगितलं, "काजलचं लग्न होईपर्यंत पोराले कोणाच्या नजरेसमोर आणू नको गा." त्यानंतर त्या भावाचं येणं-जाणं बंद आहे.

धरमपेठेत एक डॉक्टर व्यसनाच्या पोरांना तपासतात, असं कुणीतरी सांगितलं. रुपराव आणि काजल सौरवला घेऊन तिथं जाऊ लागले. पहिल्या दिवशी बाकावर त्यांच्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. कारमधून आलेलं. त्यांचा मुलगा सौरवच्याच वयाचा, दारू आणि गोळ्या. त्याच्या आईनं रुपरावला विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?" रुपराव म्हणाला, "कळलंच नाही." ती म्हणाली, "आम्हालाही." बाहेर आल्यावर काजल बापाला म्हणाली, "बाबा, त्या पोराच्या अंगाले लय अत्तर होतं. घमघमून राहिला होता. घरच्यायले दुसरा वास येऊ नये म्हणून मारत असन." रुपरावनं तिचा हात घट्ट धरला. रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही, असं तिनं मला सांगितलं.

मग तो चारुशीला मॅडमच्या घरी गेला. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. "मी पुन्हा यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही रागावलात आणि मी घाबरले. दुसऱ्या दिवशी वाटलं, जावं. मग वाटलं, कशाला."

"तुमचं काय चुकलं?" रुपराव म्हणाला. "मीच हाकललं तुमाले."

शेडमधले सोल्युशनचे डबे त्यानं काढून टाकले. आता तो ठिगळं नुसती शिवतो. सुईच्या भोकातून पाणी गळतं, हे त्याला कुणी शिकवायला नको. गिऱ्हाईकं एकेक करून पुढच्या शेडकडे, भैयाजी उमाठेकडे गेली. भैयाजीकडे काम इतकं वाढलं की त्यानं आपल्या आठवीतल्या मुलाला, अमोलला, हाताशी घेतलं.

याच अमोलच्या ओठांभोवती रुपरावला पुरळ दिसलं. तो माझ्या दारात आला. सकाळची वेळ, मी पेपर वाचत होतो.

"मधुकरराव, चला माह्यासंगं. तुमचं नाक चांगलं आहे. मले वास येत नाही."

मला अशा गोष्टींची भीती वाटते. कुणाच्या घरात जाऊन कुणाच्या पोराबद्दल बोलायचं म्हणजे फार झालं. पण त्याच्याकडे पाहून मला नाही म्हणता आलं नाही.

भैयाजी ठिगळ ठोकत होता. रुपरावनं आडवळण घेतलं नाही. "भैयाजी, अमोलवर नजर ठेव. ओठ पाहा त्याचे. कधीमधी त्याच्याजवळ बस, बोल. मारू नको. लवकर डॉक्टरकडे नेलं त सुटते ते."

"काय सुटते?"

"सौरवले जे होतं ते."

हातोडी थांबली. भैयाजी उठला, आत गेला आणि अमोलचा शाळेचा शर्ट घेऊन आला. तो त्यानं रुपरावच्या अंगावर फेकला. "घे, हुंग! सांग, काय येते वास!"

रुपरावनं शर्ट नाकाला लावला. डोळे मिटून मोठा श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग तो शर्ट त्यानं माझ्याकडे दिला. मी हुंगला. बाहीला वास होता, कॉलरला त्याहून जास्त, आणि छातीच्या खिशात चिंधीचा एक कडक झालेला तुकडा होता.

"आहे," मी म्हणालो. मग भैयाजीकडे पाहून पुन्हा म्हणालो, "आहे, भैयाजी."

"असनच न!" भैयाजी ओरडला. "आमच्या घरी धंदाच तो आहे. आमच्या अंगाले काय गुलाबाचा वास येईन? सोताचं पोरगं वाया गेलं म्हणून दुसऱ्याच्या पोराले बट्टा लावून राहिला का गा? गिऱ्हाईक तुटलं म्हणून पोटात दुखते तुह्या!"

रुपरावचा चेहरा मी पाहिला आणि मान वळवली. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस कसा दिसतो, ते पाहवत नाही.

"निघ इथून," भैयाजी म्हणाला.

मी निघालो. दोन पावलं गेल्यावर लक्षात आलं की मी एकटाच चाललो आहे. रुपराव शेडच्या तोंडाशी, ट्रकच्या जुन्या टायरवर बसला होता.

"जा न गा!"

"माह्या शेडवरून मॅडम निघून गेल्या होत्या," रुपराव म्हणाला. "मी नाही जात. तू शिव्या दे. तुह्या शिव्या सरल्या की मंग बोलू."

भैयाजीनं शिव्या दिल्या. ड्रायव्हर जमले. त्यातले काही तेच होते, जे अत्तराच्या गोष्टीवर हसायचे. ते आजही हसले. कुणीतरी म्हणालं, "पोराचं दुःख डोक्यात गेलं बिचाऱ्याच्या." भैयाजीनं पाण्याची बादली मुद्दाम त्याच्या पायाशी ओतली. रुपरावनं चप्पल काढून बाजूला ठेवली आणि ओले पाय टायरवर घेतले.

दुपारी सौरवला भरवायची वेळ झाली तेव्हा तो उठून घरी गेला. भरवून परत आला.

तेव्हापासून तो रोज तिथं जाऊन बसतो. भैयाजी अजून त्याच्याशी बोललेला नाही. काल मी पलीकडून जात होतो. शाळा सुटली होती. अमोल दप्तर घेऊन आला, रुपरावला पाहून थबकला आणि शेडमध्ये न शिरता तसाच रस्त्यावर उभा राहिला. आतून भैयाजी त्याच्याकडे पाहत होता. बराच वेळ पाहत होता. हातात ठिगळ होतं, त्यावरचं सोल्युशन वाळून गेलं तरी त्यानं ते ठोकलं नाही.