जर्मनच्या बंदुकीचं साल

आधीच सांगते, भूत, करणी, अंगात येणं यातलं मी काहीएक मानत नाही. एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर जॉब, म्हणजे तयार झालेले सुटे भाग, मोजायचे, पास नाहीतर रिजेक्ट. जे मोजता येत नाही त्यावर मी सही करत नाही. म्हणून हे लिहू की नको करत इतके दिवस गेले... पण जे झालं ते भर दुपारी झालं, आणि चार जणांसमोर झालं.

माझं माहेर न्हावरे. मी आणि आमचे हे कारेगावला राहतो. हे मेंटेनन्सला फिटर आहेत. माहेरी आई आणि माझे वडील, आबा.

आबांची जन्मतारीख दाखल्यावर एक जून. त्यांच्या पिढीत अर्ध्या गावाची तीच आहे! तेव्हा गुरुजी पोराचा हात डोक्यावरून फिरवायला लावायचे. पलीकडचा कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. आबांचे हात पहिल्यापासून लांब. कान लागला, गुरुजींनी साल लिहून टाकलं. खरं साल सांगणारं घरात कुणी नव्हतं, कारण आबा रांगत होते तेव्हाच त्यांची आई गेली. तिचा साधा फोटोसुद्धा नाही.

तर दाखल्याप्रमाणे यंदा एक जूनला आबांना पंच्याहत्तरी लागणार होती. आणि त्यांचे वडील अन् थोरले भाऊ, दोघंही पंच्याहत्तरीतच गेले. झालं! आबांनी मनाशी ठरवूनच टाकलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टरांनी तारीख दिलेली, तर म्हणतात,

"चार म्हयन्यांसाठी कशाला डोळा कापायचा? ऱ्हाऊ दे."

मी चिडले, आई रडली. आबा ढिम्म. माणूस धडधाकट, जेवण चांगलं, आणि चष्मा काढून भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. मला त्यांचा इतका राग यायचा की सांगू नये, आणि भीतीही तितकीच वाटायची.

मग मला बंदूक आठवली.

आबांचे मामा राहू गावचे. दौंडला रेल्वेत होते. भाच्याच्या बारशाला लोक पाळणा आणतात, झबली आणतात, या गड्याने छऱ्याची बंदूक आणली. नवीकोरी, खोक्यातली. "जर्मन हाय," असं सगळ्या गावाला सांगितलं म्हणे. म्हणजे बंदुकीचं साल सापडलं तर आबा त्याच्या आधीचे असूच शकत नाहीत. साधा हिशेब.

बंदूक माळ्यावर होती. नळीवर कंपनीचा छाप असायला हवा, पण तिथे नुसतं गुळगुळीत लोखंड. भिंग लावलं तर शेवटची तीन-चार अक्षरं पुसट. कारण विचारलं तर आई पदर तोंडाला लावून म्हणाली,

"मी घासली बाई. नवी नवरी हुते. सगळी म्हणायची जर्मनची बंदूक, जर्मनची बंदूक. मला वाटलं पातेल्यावानी जर्मन. दर खंडेनवमीला इटकरीचा भुगा लावून घासायची."

आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या बाईने परदेशी पोलादाला पातेल्यासारखं चकाकवलं होतं. इतक्या दिवसांनी आबा पहिल्यांदा भिंतीकडून वळले आणि हसले.

मी फोटो काढून जुन्या एअरगन जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकले. ट्रिगरची घडण, छरा भरायला नळी दुमडायची खटकी बघून एकाने लगेच कळवलं, की ही जर्मनीचीच, नक्कल नाही. लाकडी दस्ता उतरवा, आतल्या नळीच्या पोटाला महिना आणि साल ठोकलेलं असतं. पुढे लिहिलं होतं — आकडे बारीक असतात, गंजात दिसणार नाहीत, खडू किंवा रंग भरून वाचा.

रविवारी दुपारी पडवीत सतरंजी टाकली. आबा बाजेवर, आई दाराशी. स्क्रू इतके जाम की ह्यांनी तेल सोडून तासभर वाट पाहिली. खाचांमध्ये गंज बसलेला, लाकडाच्या सांध्यावर जुनं वॉर्निश अखंड. ते मी स्वतः तपासलं, माझं कामच ते आहे. हा दस्ता कारखान्यातून आल्यापासून कुणी उतरवला नव्हता, यावर मी आजही सही देईन.

दस्ता निघाला. हे म्हणाले, "अगं, हे काय?"

नळीच्या पोटाला दोन ठिपके होते. एक पिवळा, एक लाल. हळद आणि कुंकू, शेजारी शेजारी, बाईमाणूस लावते तसे. लाल ठिपक्यात बोटाच्या रेषा दिसत होत्या. आणि त्या कुंकवाने भरल्यामुळेच आकडे वाचता येत होते — ३, ५२. मार्च, बावन्न.

मी आधी म्हटलं, गंज आणि तेल. पण तेल स्क्रूपुरतंच होतं, इथवर तेलाचा थेंबही पोचला नव्हता. पिवळ्याची कड पांढऱ्या फडक्यावर टिपली आणि साबण लावला. फडकं लाल झालं. हळदच. आणि ठिपके ओले होते हो... आत्ता कुणी लावून उठावं तसे.

"काय झालं? बोला की!" आबा ओरडले. त्यांना दिसत नव्हतं. मी त्यांचा हात धरून बोट तिथे टेकवलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"साल काय हाय?"

"बावन्न, आबा."

बोटांच्या पेरांवर त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. "म्हंजी... मी अजून त्र्याहत्तरच्या आतबाहेर?"

"व्हय."

"फुसू नको ते," एवढंच म्हणाले. "लाकूड बसीव परत."

मी फोटो काढायला फोन हातात घेतला होता, पण खाली ठेवला. ह्यांनी दस्ता बसवला, स्क्रू आवळले. त्यानंतर आम्ही तो उघडलेला नाही.

पुढच्याच आठवड्यात आबांनी एक डोळा करून घेतला, आषाढात दुसरा. एक जूनला भाचे-पुतण्यांचे फोन आले तर प्रत्येकाला म्हणाले, "आज गुरुजींचा वाढदिस हाय, माझा न्हाई."

बंद दस्त्याच्या आत ओलं कुंकू कसं, यावर आम्ही दोघांनी पुष्कळ डोकं चालवून पाहिलं. माझ्या वहीत हा जॉब ना पास, ना रिजेक्ट.

आबांना मात्र काही प्रश्न पडलेला नाही. परवा बँकेतल्या पोरीने त्यांना वय विचारलं. आधी असं कुणी विचारलं की ते माझ्याकडे बघायचे. या वेळी थेट तिच्याकडे बघून म्हणाले,

"त्र्याहत्तर. दाखल्यावर चुकीचं हाय, बाय. मी माझ्या आईला इचारलंय."