शंकरच्या नावाचं पान

जे सुमनला सांगितलं नाही ते दुसऱ्या कुणाला कुठून सांगणार? मुलाला नाही, सुनेला नाही, मंदिरातल्या आमच्या म्हाताऱ्यांच्या ग्रुपमध्ये तर नाहीच. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला बसलो की बोटं आखडतात. पण सुमन जाऊन दीड वर्ष झालं, आणि मला भीती वाटते. मरायची नाही. मेल्यावर ती भेटेल, त्याची.

बायको गेलेली माणसं म्हणतात, कधी एकदा भेट होते. मलाही तसं म्हणता आलं असतं तर — जाऊ दे.

इथं अमेरिकेत, फ्रिस्कोत, मुलाच्या घरी खाली मोठा टीव्ही आहे. त्यावर एक चॅनेल दिवसभर जुने, रंग नसलेले इंग्रजी सिनेमे लावतं. सुमन होती तेव्हा दुपारची लसूण सोलत तेच बघत बसायची. इंग्रजी कळायचं नाही, पण म्हणायची, माणसं तरी दिसतात. आता मी त्या टीव्हीला हात लावत नाही. रिमोट पालथा घालून ठेवतो. का? त्या चॅनेलवर पाणबुडीचे सिनेमे लागतात म्हणून. ऐंशीला टेकलेला माणूस सिनेमाला घाबरतो — हसायचं तर हसा.

लग्नाआधीपासून मी मुंबईच्या बंदरात कामाला होतो. पाणबुड्यांच्या बोटीवर. पाणबुड्या म्हणजे बुडी मारून काम करणारा माणूस. डोक्यावर पितळी टोप, पायांत शिशाचे बूट, आणि जहाजाच्या बुडाला चिकटलेलं खरवडायचं. त्याला वरून हवा द्यावी लागते. त्या हवेच्या पंपाचं चाक फिरवायचं, एवढं माझं काम. मी स्वतः कधी पाण्यात उतरलो नाही. मला पोहता येत नाही. पाणी गुडघ्याच्या वर आलं की माझी छाती धडधडते, आजही.

सुमनचं माहेर माणदेशातलं. त्या घरात समुद्र कुणी बघितला नव्हता. मुलगी बघायला गेलो तेव्हा माझे मामा म्हणाले, "पोरगं पाणबुड्यांच्यात आहे."

सासऱ्यांना जरा कमी ऐकू यायचं. ते म्हणाले, "पाणबुडीत? म्हणजे लढाईच्या?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी पोह्यांच्या बशीकडं बघितलं. तेवढंच झालं. पाणबुड्या आणि पाणबुडी, शेवटच्या अक्षराचा फरक. पण त्या एका अक्षरानं सासरे ताठ बसले, आणि आतल्या दारात उभी असलेली मुलगी पहिल्यांदा वर मान करून माझ्याकडं बघायला लागली. मी ते अक्षर दुरुस्त करायला हवं होतं. नाही केलं.

लग्नानंतर तीन वर्षं ती गावी होती, मी मुंबईत. शिमग्याला गेलो की विचारायची, "आत कसं असतं हो? श्वास कसा घेता?" मला काय ठाऊक? मग मी रविवारी सकाळच्या खेळाला जायला लागलो. बंदराजवळ एक पडकं थिएटर होतं, तिथं स्वस्तातले इंग्रजी लढाईचे सिनेमे यायचे. पाणबुडीचे तर फारच. आत तीनच खोल्या, त्याच प्रत्येक सिनेमात. बॉम्ब फुटला की कॅमेरा तिरका करायचे आणि माणसं आपणहून भिंतीवर आपटायची. एक जाडा आचारी एका सिनेमात इकडच्या बाजूनं मरायचा आणि पुढच्या रविवारी टोपी बदलून शत्रूकडं नोकरीला असायचा. बाहेरची पाणबुडी म्हणजे टबात सोडलेलं खेळणं. बुडबुडे तिच्यापेक्षा मोठे. मला हे सगळं दिसत होतं. तरी ते बंद दार, ते टपटपणारं पाणी, हवा संपत चाललेली तोंडं बघून मी घामाघूम होऊन बाहेर यायचो. आणि गावी जाऊन ते सगळं माझं म्हणून सांगायचो.

मग तिला मुंबईला आणायची वेळ आली. आता? ती बघणार, नवरा डबा घेऊन बंदरात जातो, संध्याकाळी घरी येतो. पाणबुडी कुठं आहे म्हणून विचारणार. त्याच्या आदल्याच रविवारी एक सिनेमा बघितला होता. पाणी शिरतं. एकजण जाड लोखंडी दार लावून त्याचं चाक आवळतो, आणि त्याचा दोस्त पलीकडं राहतो. पलीकडून हात आपटल्याचे आवाज येतात. मग येत नाहीत. दार लावणारा होता त्याच्या कानाचा तुकडा उडालेला होता, तेवढं लक्षात आहे.

तिला सांगितलं, दार लावणारा मी. मेलेला माझा दोस्त. म्हणून मी पाणबुडी सोडली, आता जमिनीवरचं काम मागून घेतलंय.

"काय नाव हो त्यांचं?" तिनं विचारलं. समोर कॅलेंडरवर शंकर होता. म्हणालो, शंकर. त्याच्या आईला भेटायला जाऊ म्हणाली, म्हणून आईबाप नाहीत म्हणून सांगितलं. बघा कसं एकेक होत जातं. ती त्या दिवशी जेवली नाही. मी जेवलो.

त्या वर्षी सर्वपित्री अमावस्येला तिनं आमच्या माणसांच्या पानाशेजारी दुसरं पान वाढलं. मी विचारलं, हे कुणाचं? म्हणाली, "शंकरभाऊजींचं. त्यांना मागं कोण आहे? आपण नाही घातलं तर उपाशी राहतील." मग विचारते, "त्यांना आवडायचं काय?" मी म्हणालो, अळूवडी. मला आवडते म्हणून.

पन्नासच्या वर वर्षं तिनं ते पान घातलं. हो, पन्नासच्या वर. इकडं आलो तरी सुटलं नाही. इंडियन स्टोअरमध्ये अळूची पानं मिळाली नाहीत तर फ्रोजन आणायची. इथं कावळे फारसे दिसत नाहीत. एक लांब शेपटीचा काळा पक्षी असतो, ग्रॅकल म्हणतात त्याला, पार्किंगमध्ये सांडलेल्या फ्राइजवर तुटून पडतो. तो बॅकयार्डच्या कुंपणावर येऊन अळूवडी उचलायचा. सुमन म्हणायची, "बघा, भाऊजी इथवर आले." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायची. माझी पाठ गार पडायची. तिला वाटायचं, मला दोस्त आठवतो.

मग एका दुपारी तो सिनेमा लागला. तोच. जाडा आचारी दिसला तेव्हाच मी ओळखला. रिमोट सुमनच्या मांडीवर, लसणाच्या ताटलीखाली. शाळेला सुट्टी होती म्हणून नात ईशा सोफ्यावर लोळत होती. ती हसायला लागली. "आजी, that's a toy. बाथटबमध्ये आहे ते, honestly."

"गप गं," सुमन म्हणाली. "आजोबांना त्रास होतो."

ईशा म्हणाली, "Sorry, आजोबा," आणि फोन घेऊन वर गेली.

मी उठलो नाही. पाणी शिरलं. कानाचा तुकडा उडालेला माणूस दाराकडं धावला. त्यानं चाक आवळलं. हात आपटले, थांबले. आता ती वळेल, आता विचारेल. वळली ती. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "म्हणजे असं तुमच्या एकट्याच्या वाट्याला नाही आलं. त्यांच्यातही झालेलं. मग तुम्ही का जिवाला लावून घेता?"

कळलं तुम्हाला? मी पकडला गेलो असं मला वाटत होतं, आणि तिला माझ्या बाजूची साक्ष सापडली होती. त्या क्षणी सांगता आलं असतं. टीव्ही समोर होता, खोलीत तिसरं माणूस नव्हतं. मी म्हणालो, "चहा टाकतेस?"

वर्षभरानं ती आजारी पडली. शेवटी हॉस्पिटलनं घरी पाठवलं. खालच्या खोलीत कॉट लावली, नर्स यायची. जायच्या चार दिवस आधी, दुपारीच, नर्स बाहेर गाडीपाशी फोनवर बोलत होती, तेव्हा सुमन म्हणाली, "मी आधी जाते ते बरंच आहे."

"असं बोलू नये," मी म्हणालो.

"ऐका तर. तिथं भाऊजी भेटतील. त्यांना सांगते, दार ह्यांनी मुद्दाम नव्हतं लावलं. तुम्ही येईपर्यंत त्यांचा राग काढून ठेवते." थांबून थांबून बोलत होती. मग हसली. "ओळखू कसे पण? उंच होते का?"

माझा हात तिच्या हातात होता. तिचा हात कापराइतका हलका झाला होता. मी सांगू शकलो असतो, अगं, असा कुणी नाही. तिला चार दिवस होते. रागावायला चार दिवस पुष्कळ झाले असते. शिव्या द्यायला, तोंड फिरवायला, किंवा कदाचित — काय की.

मी म्हणालो, "उंच. कानाचा एक तुकडा नव्हता."

त्या सिनेमातला दार लावणारा माणूस मी तिच्या पदरात बांधून दिला आणि तिला पाठवली.

आता सांगा, ती तिथं काय करत असेल? सुमनला मी ओळखतो. हातातलं काम टाकून देणाऱ्यातली ती नव्हती. ती विचारत हिंडत असेल. तुटका कान बघत असेल. माझ्या डोळ्यांसमोर हेच येतं, ती कुणाकुणाला थांबवते, पदर सारखा करून विचारते, तुम्ही शंकरभाऊजी का. आणि ते मान हलवतात. किती दिवस? कधीतरी तिला कळेलच. कदाचित कळलंही असेल. तेव्हापासून ती दाराकडं तोंड करून बसली असेल, माझी वाट बघत. मला छातीत जरा कळ आली तरी मी गोळी घेतो, पाणी पितो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला जगायची फार हौस.

पहिल्या वर्षी पक्ष करत नाहीत, म्हणून गेल्या खेपेला सुटलो. यंदा सर्वपित्रीला सुनेनं विचारलं, "बाबा, दोन पानं ना वेगळी? आईंचं आणि शंकरकाकांचं?" तिनं सुट्टी घेतली होती, अळू आणायला लांबच्या दुकानापर्यंत ड्राइव्ह केलं होतं. मी म्हणालो, दोन.

कुंपणावर दोन्ही पानं ठेवली. ग्रॅकल आला. शंकरच्या पानावरची अळूवडी उचलली, उडाला, परत आला, पुन्हा तिथंच. सुमनच्या पानाला चोच लावेना. आम्ही उभे. मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, ईशाच्या कॉलेजची काळजी करू नकोस." सून म्हणाली, "तुमच्या साड्या मी सांभाळीन." ईशा म्हणाली, "I miss you, आजी." पक्षी कुंपणाच्या टोकाला जाऊन बसला.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. सून हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हीच बोला. तुमच्याकडूनच काहीतरी राहिलं असेल त्यांचं."

काय बोलायचं ते मला माहीत होतं. तीन शब्द होते. शंकर कुणी नव्हता.

मी म्हणालो, "गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घेईन."

पक्षी आला नाही. ऊन चढलं, पानावरचा भात वाळायला लागला. शेवटी मुलानं लॉनमधलं लांब गवत उपटलं, त्याचा कावळा केला, पानाला टेकवला आणि म्हणाला, चला, झालं. सगळे भुकेले होते.

आत जाऊन बसलो. अळूवडी चांगली झाली होती. मी दोनदा मागून घेतली.