कासुर्डीच्या रानातला ट्रायपॉड

यवतला आमचं मेडिकलचं दुकान आहे. नवरा आणि मी आळीपाळीनं काउंटरवर बसतो. चाळिशी उलटल्यावर मला काय झालं कोण जाणे, दिवसभर बसून पाय नुसते वळवळायचे. दुकानातून सुटले की स्कूटी काढून रानाकडं जायचे आणि मोबाइलवर फोटो काढत सुटायचे. तेवढ्यानं भागेना. ज्वारीवर उतरलेला भोरड्यांचा थवा मोबाइलमध्ये मिरी सांडल्यासारखा दिसायचा.

म्हणून गावातल्या लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडून त्याचा जुना कॅमेरा घेतला. देताना तो म्हणाला, "वहिनी, कॅमेऱ्याचं काही नाही. लेन्सची खाज वाईट."

खरंच वाईट. कॅमेऱ्याबरोबर आलेली छोटी लेन्स लगेच नकोशी झाली. पाखरांसाठी लांबची घेतली. ती जड, हात थरथरायचे, म्हणून ट्रायपॉड आणला.

"आता हे तीन पायांचं कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"स्थिर राहायला."

"मग तूच बस की जरा स्थिर!"

त्याच रविवारी सकाळी कासुर्डीजवळ एका बांधावर ट्रायपॉड लावला. भोरड्या नुकत्या उतरल्या होत्या. डोळा लावते न लावते तोच लेन्ससमोर हाताचा पंजा आला.

"कुणाला इचारून मोजणी लावली?"

कडेच्या रानातली चार-पाच माणसं गोळा झाली होती. तिकडून नवा रस्ता जाणार अशी तेव्हा नुसती चर्चा होती, पण चर्चेनंच माणसं धास्तावलेली, त्यात तीन पायांवरचं यंत्र म्हणजे जमिनीची मोजणीच. "आमी सह्या दिल्या न्हाईत," पंजावाला म्हणाला. "मोजणी नाही हो, पाखरं काढतेय," म्हणत मी कॅमेऱ्याचा पडदा पुढं केला.

रानाचे मालक, एक आबा, वाकून बघत राहिले. "ही आमच्या ज्वारीवरची? आमी हाकलतो, आन् तुम्ही फोटू काढता व्हय?"

सगळे हसले. आबांच्या मागं त्यांची बायको उभी होती, त्या आजी मात्र हसल्या नाहीत. "पाखरं राहू द्या, बाई. आमच्या हिरीचा काढा. उद्या रस्ता आला तर हितं हीर हुती, एवढं तरी दावता येईल."

विहीर मोठी, दगडी बांधकामाची. मी मागं सरकत सरकत पार उसात गेले, तरी त्या लांबच्या लेन्समध्ये चार दगडांपलीकडं काही मावेना. छोटी लेन्स घरी कपाटात पडलेली. लाजेनं मान वर होईना. पुढच्या रविवारी येते म्हणाले.

आठवडाभर काउंटरवर जीव थाऱ्यावर नव्हता. रविवारी छोटी लेन्स घेऊन गेले. विहीर बाहेरून नीट आली. आबांनी पडद्यावर पाहिली आणि म्हणाले, "पाणी कुठं हाय यात? बिनपाण्याची हीर भरपाईत कोण धरतंय?"

मग मी कठड्यावर पालथी पडले. आजींनी माझी ओढणी माझ्याच कमरेला गुंडाळून घट्ट धरली. "पडशील गं," म्हणत त्याही निम्म्या वाकल्या. कॅमेरा आत धरला, हात लांब केले, अंदाजानंच बटण दाबत राहिले. खाली गार अंधार, वर पाठीवर ऊन, आणि कॅमेरा असा लोंबत होता की सगळे फोटो हलणार असं वाटलं. एकच तेवढा हलला नव्हता. पाणी होतं, आणि पाण्यात आमच्या दोघींची डोकी.

तो फोटो मोठा करून नेऊन दिला. आबांनी त्याचं लॅमिनेशन करून घेतलं. रस्त्याचं अजून काहीच नक्की नाही. कोण म्हणतं इकडून जाणार, कोण म्हणतं पलीकडून. पण आजूबाजूच्या वस्त्यांवरून निरोप यायला लागलेत. कुणाला चिंचेच्या झाडाचा फोटो हवा, कुणाला गोठ्याचा. भोरड्यांकडं जायला सवड मिळत नाही, आणि गोठा काढायला गेलं की भिंतीला पाठ टेकते तरी अर्धा गोठा चौकटीबाहेरच राहतो. रुंद दाखवणारी लेन्स हवी.

कालही काउंटरवर बसून मोबाइलवर तीच बघत होते. समोरच्या बाईंनी दोनदा विचारलं, "ताई, ही गोळी जेवणाआधी का नंतर?"

"थांबा हं, बघते," म्हणाले, आणि डॉक्टरांची चिठ्ठी उलटी धरली.