दोनबोट्याची बटणं

दोनबोट्या कुणाला हात जोडत नसे. माणूस ओळखीचा असो की परका, हा आपला उजवा हात पुढे करी. त्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. मधली तिन्ही बोटं ट्रॉलरवर जाळ्याचा दोर ओढताना दोर गुंडाळणाऱ्या विंचात गेली होती. समोरचा दचकला की याला कोण आनंद! "भियां नको रे, ह्यांका दात नाय," म्हणून तो हात हातात घ्यायला लावीच. हे नाव वाडीने ठेवलं. आमच्याकडे अशी नावं ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

बोटीवर आता त्याला कुणी घेईना. मालवणात माझी साऊंड सर्व्हिस होती: चार बॉक्स, एक अँप्लिफायर आणि नवाकोरा लॅपटॉप. सीडी मागे पडून लॅपटॉपवर गाणी वाजवायची टूम नुकतीच निघाली होती. आई हाताकडे बघून रडते म्हणून हा रोज दुपारी माझ्याकडे येऊन बसे. डीजेच्या सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्डचं कुठलंही बटण कुठल्याही कामाला लावता येतं, हे मी एकदा सहज दाखवलं. तो खुर्ची ओढून जवळ आला. "म्हणजे बटण माझ्याकडे येतला? माका बटणाकडे जावक नको?"

तिथून पुढे महिनाभर त्याने मला पिडलं. कामांची यादी इंग्रजीत, म्हणून मी वाचायची आणि त्याने बटण ठरवायचं. मी आपला भराभर लावून मोकळा होऊ बघायचो, तर हा डोळे मिटून हात कीबोर्डवर ठेवी आणि गप्प बसे. "आधी बोटाक इचार, मगे बटण दी," हे त्याचं ब्रह्मवाक्य. अंगठ्याला आपोआप सापडला तो स्पेसबार. त्यावर गाणं सुरू करायचं काम गेलं. करंगळी ताणली की एंटर. त्यावर एका गाण्यातून दुसऱ्यात जाणं. आवाज, वेग, ठेका जुळवणं असली बाकीची कामं धडधाकट डाव्या हाताला. कुणी विचारलं काय चाललंय, तर म्हणे, "माका कोण कामाक लावीना, म्हणान मी बटणांक कामाक लावतंय."

आणि वाजवायचा कसा! पुढची दोन वर्षं खारेपाटणपासून इन्सुलीपर्यंत, जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आम्ही वराती वाजवल्या. दोन गाणी तो अशी सांधायचा की नाचणाऱ्याचा पाय अडखळत नसे. ज्या हाताकडे बघून पोरंबाळं आईमागे लपायची, तो हात बघायला आता लॅपटॉपभोवती गर्दी होई. मला वाटतं, या दोन वर्षांत त्याने एकदाही तो हात खिशात घातला नसेल.

मग मी शहाणपणा केला. गोव्याहून एक वापरलेला कंट्रोलर आणला, दोन फिरत्या तबकड्यांचा, चकचकीत बटणांचा. तो जोडताना सॉफ्टवेअरने विचारलं, आधी लावलेली बटणं पुसायची का? मी 'होय' दाबलं. जुन्या-नव्याची गुंतागुंत नको, एवढाच विचार. दुसरी प्रत ठेवली नव्हती, आणि त्याला विचारलंही नाही. त्याला आयतं नवं यंत्र देऊन चकित करायचं होतं ना!

दुसऱ्याच दिवशी त्याच्या चुलतबहिणीचं लग्न होतं, त्याच्याच वाडीत. मांडवात कंट्रोलर बघून तो हसला. "ह्या तुका बरा. माका माझी बटणां पुरे." नवरानवरी आली. त्याने झोकात अंगठा दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. करंगळी ताणून एंटर मारला, मग पुन्हा, मग पुन्हा. सगळी वाडी बघत होती. कुणीतरी ओरडलं, "काय रे, रवलेली दोनय बोटां गेली?" मांडवभर हशा पिकला. मी पुढे झालो, कंट्रोलरची तबकडी फिरवली आणि गाणं सुरू केलं. म्हणजे लॅपटॉप ठीक होता, स्पीकर ठीक होते; चुकला होता फक्त त्याचा हात. सगळ्यांना तसंच दिसलं. त्यालाही.

'मी पुसलं' एवढे दोनच शब्द होते. ते मी तेव्हा बोललो नाही. दुसऱ्या दिवशी घरी गेलो तेव्हाही नाही. आपण पुन्हा लावू, म्हणालो. त्याने हात खिशातून काढला नाही. "नको रे. करंगळी दाबता की नाय, ता माकाच आता कळना नाय," म्हणाला. मला सांगता आलं असतं. माझी लाज मोठी, की त्याचा हात? मी चहा पिऊन परत आलो.

नारळी पुनवेनंतर बोटी सुटल्या तसा तो एका बोटीवर स्वयंपाकाला गेला. जाळं ओढायचं नाही, नुसता भात शिजवायचा, असं आईला सांगून. पाचव्या दिवशी वारा उठला. ओल्या काठावर तोल गेला तेव्हा त्याने उजव्या हाताने दोर धरला होता, असं बरोबरचे खलाशी म्हणाले. दोन बोटांनी माणूस किती धरणार! त्यानंतर तिसऱ्या दिवशी तो देवबागच्या किनाऱ्याला लागला.

तेराव्याला मी गेलो. त्याच्या आईने मला पंगतीतून उठवून आत नेलं आणि आपल्या हाताने वाढलं. "तुझ्यामुळे माझो झील दोन वर्सां हसलो रे," ती म्हणाली. "नायतर बोटां गेली तेव्हाच तो गेललो. तुझे उपकार कशे फेडू?" ती समोर बसून होती, म्हणून सगळा भात जेवलो.

अजूनही वाटेत भेटली की ती माझ्या तोंडावरून हात फिरवते, आणि मी फिरवू देतो.