ग्लासातलं पिल्लू

राजुरीत आमच्या गोठ्यामागून मुंगसानं खुडूक कोंबडी उचलली आणि तिच्याखालची सहा अंडी उघडी पडली. ती उबवायला बसून जेमतेम तीन दिवस झाले होते. वहिनीची ती शेवटची गावरान कोंबडी. वंश टिकला तर याच अंड्यांतून टिकणार होता. तिनं थर्माकोलच्या पेटीत बल्ब सोडला, अंडी मांडली. घाईत एक तडकलं, ते प्लास्टिक लावलेल्या ग्लासात ओतलं. मोबाइलवर बघितलं होतं म्हणे.

मी नेमका असल्याच व्हिडिओंविरुद्ध पत्रकं वाटत फिरत होतो. भडकलोच. कवच म्हणजे काय नुसतं वेष्टन आहे? त्यातून पिल्लाला हवा मिळते, त्यातूनच हाडं भरतात, जंतू बाहेर राहतात. ते काढून घ्यायचं आणि वर लाइक मागायचे! जगलेलं एक दाखवतात. मेलेली कोण दाखवतो?

"झालं भाषण? आता वाकून बघा," वहिनी म्हणाली.

बघितलं. पिवळ्या बलकावर लाल धाग्यांचं जाळं आणि मधे मोहरीएवढा ठिपका. उडत होता.

पुढचे दोन दिवस मी पेटीपासून हललो नाही. लाईट गेली की पेटीवर गोधडी टाकायला धावायचो. प्लास्टिकवर वाफ धरली की वाटे, गुदमरतंय. भोक पाडावं तर घाण आत जाणार. त्यात वहिनी ग्लास हाताळून तशीच पिठाच्या परातीकडे निघाली.

"आधी साबणानं हात धुवा! कच्च्या अंड्याचे हात आहेत."

"धुते वो. तुमच्यापरीस ह्ये पिल्लू बरं, गप तरी असतंय."

तिसऱ्या दिवशी कळंबला बैठक होती. संध्याकाळी परतलो तर ठिपका थांबलेला. जाळं करडं पडलेलं, कडेला पांढरट साय.

"काय घातलंत यात?"

"चुना. आईंच्या पानाच्या डबीतला. नखभरच." तिचा आवाज उतरला. "तुमीच म्हणला न्हवं, हाडं कवचातनं भरत्यात? पत्रकात कॅल्शियम लिव्हलं व्हतं. मग ते मी कुठनं आणायचं?"

त्या चुन्यानं माणसाची जीभ भाजते. ओरडायला तोंड उघडलं खरं, पण ओरडायचं कुणावर? कवचाबरोबर काय काय जातं, ते मी ठळक अक्षरात छापलं होतं. वाचणारी बाई ते भरून काढायला बघेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ग्लासातलं आम्ही बांधाकडेला खोल पुरलं. वहिनीनं हात धुतले, पुन्हा धुतले.

"बाकीच्या पाचांचं बोला, भावजी. मला ह्या पेटीचा भरोसा न्हाई आता."

कळंबला वहिनीच्या माहेरी, तिच्या आईला फोन लावला. त्यांची एक कोंबडी कालच खुडूक झाली होती, तिच्याखाली ही पाच ठेवता येणार होती. टोपलीत कोंडा, त्यात अंडी, वर गोधडीचा तुकडा, आणि आम्ही लगेच निघालो. नारायणगावला जीप बदलली. दाटीवाटीत टोपली वहिनीच्या मांडीवर.

"पावणं, सोनं नेताय का काय?" शेजारचा हसला.

"अंडी हायेत. सरका जरा."

"धरा रं, पुढं खड्डा हाय!" ड्रायव्हर ओरडला.

आम्ही दोघांनी टोपली उचलून अधांतरी धरली. जीप आदळली. वहिनीनं गोधडी बाजूला करून एकेक अंडं चाचपलं. पाचही शाबूत होती. आत काय चाललंय, ते मात्र कळायला मार्ग नव्हता.